उलटा पीळ

बसा इकडे, जवळ. ही गोष्ट माझ्या ओळखीच्या एका मीटर मिस्त्रीची आहे, आणि तो तिखटमीठ लावून सांगणाऱ्यातला नाही. मागच्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. रात्रीचे साडेदहा. एका चार मजली ऑफिसातलं मीटरचं काम त्याच्या गळ्यात पडलं होतं. दिवसा वीज बंद करता येत नाही, म्हणून सुट्टीची रात्र.

काम तसं नेहमीचं. चौथ्या मजल्यावरचा नवा मीटर, ठरावीक वीज खर्च झाली की बारीक तारेतून एक इशारा पाठवतो. त्याला पल्स म्हणतात. एका युनिटला किती पल्स ते मीटरमध्ये ठरवायचं, आणि ती तार खाली तळघरात पल्स मोजणाऱ्या काउंटरला जोडायची. पण हे दोघांचं काम. कित्येक वर्षं मिस्त्री खाली आणि त्याचा जोडीदार वर. जोडीदाराला सगळे डावरा म्हणायचे. मीटरचा दिवा लुकलुकला की डावरा पकडीनं पाण्याच्या लोखंडी पाइपवर एकदा ठोकायचा. एक ठोका म्हणजे, वर सगळं ठीक. तीन ठोके म्हणजे, हात काढ. काम झाल्यावर मीटरच्या झाकणाला लावायच्या सीलची तारसुद्धा हा पठ्ठ्या डाव्या हातानं उलटी पिळायचा. मिस्त्री त्यावरून त्याची रोज खेचायचा.

"आज एकटेच? जोडीदार कुठाय?" फाटकावरच्या वॉचमननं विचारलं.

"गेला."

"सुट्टीवर?"

मिस्त्रीनं नुसती मान हलवली. डावरा जूनमध्ये झोपेतच गेला होता. ते सांगत बसायचंही त्राण त्याच्यात नव्हतं.

गुडघे धरत तो वर गेला. आकडे भरले, तारा जोडल्या. खरं तर खालची जोडणी झाल्यावरच वीज चालू करायची. पण मग पुन्हा चार जिने चढा. जाऊ दे, म्हणत त्यानं वीज चालू केली, मीटरचं झाकण उघडंच ठेवलं आणि तळघरात उतरला.

बॅटरी दातात धरली. तारेची उघडी टोकं पकडायला बोटं पुढे केली...

टक. टक. टक.

हात झटकन मागे आला. जुनी सवय. "काय झालं रे?" असं तो वर बघून बोललासुद्धा.

मग त्याला आठवलं.

टेस्टर लावला. पेटला. थकलेल्या हातांनी वर एक तार भलत्याच स्क्रूला, थेट फेजला, म्हणजे चालू विजेलाच, जोडली होती. बोट लागलं असतं तर संपलाच होता.

बाहेर फाटकावर वॉचमन खोकत होता. म्हणजे तो नव्हे. इमारतीत दुसरं कोणी नव्हतं...

त्यानं मेन स्विच पाडला. अंधार. बॅटरी घेऊन जिना चढू लागला. वाटेत पाइपला हात लावला.

पाइप अजून थरथरत होता.

चौथा मजला. कोणी नाही. मीटरचं झाकण बंद. पारदर्शक झाकणातून दिसत होतं, दोन्ही तारा आपापल्या जागी बसल्या होत्या.

"डावऱ्या..."

त्यानं पाइपवर हात टेकवला.

"एकट्याला झेपत नाही रे आता."

मग पाइपवर, अगदी हळू...

टक.

एकदाच.

मिस्त्री मटकन खाली बसला आणि पोटभर रडला. भीती वाटली का, असं मी विचारलं. म्हणाला, नंतर वाटली. उठून बॅटरी नीट मारली तेव्हा. सीलं तर सगळी त्याच्या खिशात होती. मोजून बघितली, एकही कमी नाही.

आणि झाकणाला सील लागलेलं होतं. मी स्वतः जाऊन पाहिलंय. तार उलटी पिळलेली आहे.