वरचे पाच, खालचे तीन

गेल्या तीन महिन्यांत घड्याळजींची गाडी आठ वेळा बिघडली. सात वेळा ती घरच्या घरी दुरुस्त झाली. आठव्या वेळी मात्र त्यांचा धीर सुटला आणि त्यांनी ताईंना बोलावलं.

ताई पूर्वी विमा कंपनीत अपघातांची तपासणी करत, आता खासगी चौकशीची कामं घेत. सोबत मास्तर असत. जन्मभर चित्रकला शिकवल्यामुळे मास्तरांना सगळं दिसायचं, पण त्यातून निष्पन्न काही व्हायचं नाही.

रविवारी सकाळी आठला दोघं घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. भिंतीवर दुरुस्तीचे वीसेक पाने आकाराप्रमाणे ओळीने टांगलेले. मधोमध तीस वर्षांची गाडी, पुसून लख्ख केलेली.

"कुलूप शाबूत आहे, किल्ली माझ्या खिशात असते," घड्याळजी म्हणाले. घड्याळांचं दुकान बंद करून त्यांना दहा वर्षं झाली होती, नाव मात्र तेच राहिलं होतं. "तरी कोणीतरी आत येतंय. मी एकटा राहतो, ताई. आज दहाला भंगारवाला येणार आहे. देऊन टाकतो एकदाची. पण गाडी गेली की रविवारी..."

वाक्य तिथेच राहिलं. त्यांच्या हातातली पेन्सिल पडली. ती त्यांनी पायाने मास्तरांकडे सरकवली. गुडघे कामातून गेलेत, खाली बसलो तर उठवायला माणूस लागतो, असं ओशाळून म्हणाले.

बिघाडांची त्यांनी वही ठेवली होती. पाच बिघाड रविवारी सकाळी सापडलेले: दोनदा प्लगच्या वायरींची अदलाबदल, एकदा बॅटरीची वायर ढिली, एकदा कॉइलची वायर निघालेली, एकदा एअर फिल्टरमध्ये फडक्याचा बोळा. तीन सोमवारचे. सोमवारी ते इंजिन जरा गरम करायला जात. तेव्हा एकदा रेडिएटरचा तळाचा नळ उघडा होता. एकदा स्टार्टरची वायर सुटलेली होती, आणि तीही खालच्या अंगाने. गेल्या सोमवारी तर किल्ली फिरवली तरी इंजिन ढिम्म. त्याचं कारण अजून सापडलं नव्हतं.

रविवारच्या नोंदी त्यांनी वाण्याची यादी वाचावी तशा वाचल्या. सोमवारच्या वाचताना आवाज कापला.

"ब्रेकला कधी हात लागलाय?" ताईंनी विचारलं.

"कधीच नाही. काही मोडलं नाही, चोरीलाही गेलं नाही."

शेजारणीचा गाडीच्या धुरावर राग होता, वाळत घातलेले कपडे काळे होतात म्हणून. पण बॉनेट कुठून उघडतं हे तिला ठाऊक नव्हतं. ती म्हणाली की घड्याळजी शनिवारी संध्याकाळी एकटेच शेडमध्ये खुडबुडत असतात. बायको गेल्यावर मुलगा फिरकलासुद्धा नव्हता. गाडी बिघडायला लागली तेव्हापासून दर रविवारी येतो. चार तास दोघं शेडमध्ये असतात, पण बोलणं ऐकू येत नाही, फक्त पान्यांचा आवाज.

कोपऱ्यावरचा भंगारवाला तर हसलाच. "मी आत शिरलो असतो तर आधी बॅटरी उचलली असती. वायरी कशाला सोडत बसू?"

मास्तरांचा संशय तरीही त्याच्यावरच होता.

नऊला मुलगा आला. भंगारवाला येणार हे वडिलांनी सांगितल्यावर तो नुसतं "बरं" म्हणाला. मग गाडीत डोकावलाही नाही. भिंतीवरचा एक पाना काढला, पुठ्ठा पसरला आणि गाडीखाली सरकला. दोन मिनिटांत बाहेर आला. गिअरबॉक्सपासची अर्थिंगची वायर सुटली होती म्हणे. किल्ली फिरवताच इंजिन सुरू झालं.

"पोरगं हुशार आहे," मास्तर पुटपुटले.

घड्याळजी चहा करायला आत गेले. हात धुवायला म्हणून ताईही गेल्या. स्वयंपाकघरात टेबलाला दोन खुर्च्या होत्या. एकीवर रद्दीचा ढीग होता, पाठीच्या उंचीएवढा. चहा मात्र नेहमीप्रमाणे शेडमध्येच आला, उभ्याने प्यायला.

"शोध लागलाय," ताई म्हणाल्या. "बाहेरचं कोणी नाही. आणि एक नाही, दोघं आहेत."

मास्तरांनी कप खाली ठेवला.

"पाच बिघाड कमरेच्या वरचे, उभ्याउभ्या होणारे. रविवारी सकाळी सापडतात, म्हणजे आदल्या संध्याकाळी केलेले. काका, हे पाच तुमचे."

घड्याळजींनी वही मिटली.

"उरलेले तीन गाडीखाली झोपल्याशिवाय होत नाहीत. ते तुम्हाला जमणारे नाहीत, म्हणूनच तुम्ही घाबरलात आणि मला बोलावलंत. ते सोमवारी सापडतात, म्हणजे रविवारी दुरुस्ती झाल्यावर, तुम्ही चहा करायला गेल्यावर केलेले." त्या मुलाकडे वळल्या. "आज तुम्ही आधी किल्ली फिरवूनही पाहिली नाहीत. वीस पान्यांतला नेमका एकच घेतलात. आज गाडी वाचवायची घाई होती."

"पण कशासाठी?" मास्तरांनी विचारलं.

"गाडी नीट झाली की भेटायचं कारण संपत होतं. दोघांचंही. इजा कोणालाच करायची नव्हती, म्हणून ब्रेकला कोणी हात लावला नाही."

मुलाने हातातला पाना फडक्याने पुसायला घेतला.

"आई होती तेव्हा ये म्हणून तीच फोन करायची," मुलगा पान्याकडे बघत म्हणाला. "बाबा, तुम्ही कधीच म्हणाला नाहीत."

"मला वाटलं, तुला कामं असतील."

बाहेर भंगारवाल्याच्या टेम्पोचा हॉर्न वाजला. घड्याळजी फाटकापर्यंत गेले, गाडी द्यायची नाही असं सांगून आले. आल्यावर त्यांनी कप गोळा केले.

"गार झाला," ते म्हणाले. "आत ये. दुसरा ठेवतो."

फाटकातून निघताना ताईंना खिडकीत दिसलं, घड्याळजी खुर्चीवरची रद्दी उचलत होते. हातात मावत नव्हती, तेव्हा अर्धी मुलाने घेतली.

दोघं बसथांब्याकडे चालू लागली. मास्तरांच्या डोक्यात प्रकाश पडायला दोन गल्ल्या लागल्या.

"ताई, तुम्हाला हे इतक्या लवकर कसं उमगलं? तुमचे वडील...?"

ताईंनी बससाठी सुटे पैसे काढले.

"आमच्याकडे गाडी नव्हती," त्या म्हणाल्या.