बायडामावशीच्या गोठ्याची मेढ

कृष्णातला भंगारात देव दिसतो, असं त्याची बायको स्नेहल सगळ्या गल्लीला सांगायची. त्यात थट्टा किती आणि तक्रार किती, ते तिचं तिलाच माहीत. गडी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत फिटर. सुट्टी लागली की घरामागच्या परड्यात ह्याची ठाकठोक सुरू. मोडक्या फ्रिजचं कोंबड्यांचं खुराडं, सायकलच्या रिंगांचं फाटक, एसटीच्या जुन्या सीटचा झोपाळा. नवीन वस्तू विकत आणायची म्हटलं की हा दुकानाच्या पायरीवरूनच माघारी फिरायचा. आता अशा माणसाला कुणी अख्खा गोठाच फुकट देतो म्हटल्यावर त्यानं उड्या मारत जायला हवं होतं की नाही? पण त्या रविवारी सकाळी हातगाडी घेऊन तो शेजारच्या बायडामावशीच्या परड्यात शिरला, तेव्हा त्याचे पाय उचलत नव्हते.

बायडाबाई एकटी बाई. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. तिचं सगळं विश्व म्हणजे एक म्हैस, चंद्री. लांब तलवारी शिंगं, कपाळावर पांढरा चांद. रोज संध्याकाळी तिला घेऊन बाई कोल्हापुरात कट्ट्यावर जायची आणि गिऱ्हाइकाच्या समोर धार काढून फेसाळ ग्लास हातात द्यायची. महापुरात बाईचा गोठा आडवा झाला. चंद्री परत आली नाही.

"ने सगळं," बायडाबाई पायरीवर बसून म्हणाली. "पत्रं ने, वासं ने, मेढी ने. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नसता बघ. तू माझं जितराब सोडवलंस. पोटच्या पोरानं क्येलं नसतं."

"ऱ्हाऊ दे की मावशी, किती वेळा बोलशील…"

"बोलणार! फक्त एक कर. शेड बांधशील त्यात एक बाजू चंद्रीला ठेव. आली म्हंजे बांधायची कुठं? कुणाच्या तरी गोठ्यात लागली असंल ती, शिरोळकडं न्हाईतर पार कर्नाटकात. मोकळं सुटलेलं जनावर हाय, घर इसरत न्हाय."

कृष्णातनं मान खाली घातली आणि पत्रे उचलायला लागला. चंद्री कुठं आहे हे गावात एकट्या त्यालाच ठाऊक होतं.

झालं होतं ते असं. पुराचं पाणी गल्लीत शिरलं, बोट दारात आली, पण बायडाबाई बोटीतून उतरायच्या बेतात. म्हशीचं दावं कापल्याशिवाय हलणार नाही म्हणते. असल्या पाण्यात जनावर मोकळं सोडलं की ते पोहत जाऊन वाचतं, हे नदीकाठच्या कुणालाही सांगावं लागत नाही. मग कृष्णातच म्हणाला, बस तू, मी कापून येतो. तिचा विळा घेऊन तो मागं गेला. पाणी छातीला. चंद्री मान वर करून उभी होती, ओरडतसुद्धा नव्हती. त्याला बघून तिनं कान हलवले. तिला वाटलं असणार, आला माणूस. पण दावं गोठ्याच्या मधल्या खांबाला, मेढीला बांधलेलं आणि गाठ पार खाली, पाण्यात. बुडी मारायला लागणार होती. गढूळ पाणी, त्यात काय काय वाहत आलेलं, आणि बाहेरून बोटवाल्यांची शिट्टी. कृष्णात भ्याला. आता माणूस भितो, त्यात गुन्हा काही नाही. गुन्हा पुढं झाला.

तो परत आला आणि म्हणाला, "कापलं मावशी. गेली पोहत, मळ्याच्या अंगाला."

बायडाबाईनं भर बोटीत त्याच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. बोटीत दोन तगडे गडी बसले होते. 'मला जमलं न्हाय' एवढं जरी तो बोलला असता, तरी त्यातला एक जण उतरला असता. पण चारचौघांत नाक कापून घ्यायचं जिवावर आलं, आणि बोट निघाली.

पाणी ओसरल्यावर छावणीतून सगळ्यात आधी तोच परत आला. मुद्दाम. मेढीजवळ जे होतं ते त्यानं पाहिलं, नाकाला टॉवेल बांधून फुगलेलं दावं कापलं आणि मेलेली जनावरं गोळा करणारा ट्रॅक्टर गल्लीत आला तेव्हा हात वर करून त्याला बोलावलं. बायडाबाई आली तेव्हा गोठा रिकामा होता. तेव्हापासून ती रोज चंद्रीसाठी पेंड भिजवून वाट बघत होती आणि हा रोज तिच्या हातचा चहा पीत होता.

तर शेड उभी राहिली. काम मात्र बघण्यासारखं झालं हो. मधली ती मेढ कृष्णात घेणार नव्हता, पण बायडाबाई स्वतः ओढत घेऊन आली, "सागवानी हाय येड्या, टाकतोस काय?" म्हणून. त्या मेढीला गुडघ्याच्या उंचीवर दाव्याचा काच पडला होता, बोट बुडेल एवढा. जनावरानं किती ओढलं असेल, ते कुणी न सांगता कळत होतं. बायडाबाईची नजर अधू झाली होती म्हणून तो वाचला. तिची पाठ वळताच त्यानं काचात भुसा आणि फेविकॉल ठासला, वरून लांबी, म्हणजे पुट्टी भरली, ऑइलपेंट मारला. मग मेढ काँक्रीटमध्ये रोवली. ओळंबा लावून बघितला, मेढ सरळ होती.

संध्याकाळी धारेच्या वेळेला ती कलली.

पहिल्यांदा त्याला वाटलं, काँक्रीट ओलं आहे. सकाळी बघावं तर पुन्हा सरळ. दुसऱ्या दिवशी दिवस कलला, गल्लीतल्या म्हशी हंबरायला लागल्या, आणि शेडचे पत्रे हळूच कुरकुरले. वारा नव्हता. कृष्णात ओळंबा धरून उभा राहिला. दोरीपासून मेढ बोटभर बाजूला गेली, थांबली, पुन्हा थोडी गेली. कुणीतरी दमून, श्वास घेऊन, परत जोर लावावा तशी. रंगाला बारीक चीर गेली आणि लांबीचा एक तुकडा त्याच्या पायाशी पडला.

त्यानं टेकू दिले. अँगल वेल्डिंग केले. काच पुन्हा भरला. संध्याकाळ झाली की लांबीचे तुकडे खाली पडलेले असायचे, आणि शेडमध्ये भिजलेल्या पेंडीचा आंबूस वास आणि त्याच्यामागं गाळाचा, टॉवेलातूनही आला होता तो वास.

"अवो, एवढं चांगलं शेड बांधून तुम्ही आत का बसत न्हाई?" स्नेहल विचारायची.

"रंग वाळू दे की."

"दिवाळी आली, अजून वाळाय लागलाय?"

काय सांगणार तिला? सांगून टाकावं, उद्याच सांगावं, असं रोज रात्री ठरायचं. आणि सकाळी बायडाबाई हाक मारायची, "कृष्णात, च्या घे रं बाळा," की सगळं अवसान गळून जायचं. बाई वाट बघण्यावर जगत होती. ती वाट काढून घेतली तर बाई उरणार काय? असं तो स्वतःला समजवायचा. पण खरं कारण ते नव्हतं, आणि ते त्यालाही कळत होतं. 'बाळा' म्हणणारं ते तोंड त्याच्याकडं कसं बघेल, ह्याची त्याला धास्ती होती.

पाडव्याला स्नेहलनं परस्पर ठरवून टाकलं, शेडचा नारळ बायडामावशीच्या हातानं फोडायचा. पाडव्याला आमच्याकडं म्हशी नटवून मिरवतात. सगळी गल्ली तिकडं पळालेली. स्नेहल ताट तयार करायला घरात गेली आणि परड्यात दोघंच राहिले, कृष्णात आणि बायडाबाई. दिवस मावळला होता.

बायडाबाई शेडच्या दारात आली आणि थबकली. नाक वर केलं. मग तिचा चेहरा असा काही उजळला, की कृष्णातला रडू कोसळायच्या बेताला आलं.

"आलीस गं…" ती पुटपुटली. "माझी बाय ती…"

"मावशी, थांब, लाईट लावतो…"

"लावू नको. बुजंल ती."

आणि ती आत गेली. आत काळोख होता. कृष्णातला तिच्या बांगड्यांचा आवाज आला, मग थोपटल्याचा, ओल्या जड अंगावर हात पडल्याचा. मग लांब सुस्कारा. बाईचा नव्हे. मग रंगाची रिकामी बादली ओढल्याचा आवाज, आणि थोड्या वेळानं तळावर धार पडली. चर्र… चर्र…



"कृष्णात…" आतून आवाज आला, अगदी शांत.

"क… काय मावशी?"

"हिच्या गळ्यात दावं कसं रं?"

त्यानं लाईटच्या बटणाकडं हात नेला आणि मागं घेतला.

"तू कापलंतस न्हवं?"

"व्हय की," त्याच्या तोंडून गेलं. सवयीनं गेलं. "कापलं की मावशी… पोहत गेली की…"

धार थांबली. शेडचे पत्रे एकदम कडाडले आणि मेढ त्याच्या डोळ्यांदेखत वाकली, वेल्डिंगचा टाका तट्कन तुटला. आत पाणी ढवळल्यासारखा आवाज झाला. बायडाबाई खोकली. तोंडात पाणी गेल्यावर माणूस खोकतो, तशी.

"न्हाय कापलं!" कृष्णात ओरडला. "न्हाय कापलं मावशी, भ्यालो मी… खोटं बोललो… ती हितंच मेली, ह्या मेढीला… म्या बघितलं, म्याच ट्रॅक्टरला दिली…"

गल्लीच्या तोंडाला मिरवणुकीची हलगी वाजत होती.

"मग आता काप," बायडाबाई म्हणाली.

दाराशी लोखंड कापायचं ब्लेड लटकत होतं ते त्यानं घेतलं आणि पाऊल आत टाकलं. कोबा कोरडा असायला हवा होता. पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला, गार, गाळाचं. मेढीजवळ पोचेपर्यंत छातीला आलं. हातानं चाचपलं तर दाव्याची गाठ खालीच होती, पार खाली. ह्या वेळी त्यानं बुडी मारली. डोळे मिटून, देवाचं नाव घेत, ब्लेड चालवत राहिला. तळहात कापला तरी थांबला नाही. कानाशी कुणीतरी नाकानं जोरजोरात पाणी उडवत होतं. पीळ एकेक करून सुटले, आणि एक भलंमोठं, केसाळ, ऊबदार अंग त्याला घासून दाराकडं निघून गेलं.

स्नेहल ताट घेऊन आली, तिनंच लाईट लावला. कोबा कोरडा ठणठणीत. मेढ सरळ. कृष्णात गुडघ्यांवर, घामानं निथळत, हातातून रक्त. बायडाबाई मेढीला टेकून बसली होती. बादलीत काठोकाठ दूध, वर फेस.

"गेली," ती म्हणाली.

कृष्णातनं तिचे पाय धरायला हात पुढं केले. तिनं पाय आखडून घेतले. शिवी नाही, शाप नाही, डोळ्यांत पाणी नाही. नारळ तसाच ठेवून ती भिंत धरत आपल्या घरी गेली. बादलीतलं दूध प्यायचा धीर कुणालाच झाला नाही. ते परड्यात ओतलं, तिथलं गवत नंतर दांडगं वाढलं.

त्यानंतर शेड कधी हलली नाही. वास गेला. बायडाबाईनं पेंड भिजवायची बंद केली आणि चहाची हाकही बंद झाली. कृष्णातनं दोनदा तिच्या दारात जाऊन हात जोडले. ती धान्य निवडत राहिली, जणू दारात कुणी उभंच नव्हतं. त्यापरीस चपलेनं मारलं असतं तर बरं, असं त्याला व्हायचं. तरी रात्री झोप लागायला लागली होती. खरं सांगून टाकलं की एवढं तरी मिळतं, असं त्याला वाटलं.

मग एका संध्याकाळी कारखान्यात शिफ्ट सुटायच्या वेळी स्नेहलचा फोन आला. आवाजात कौतुक.

"अवो, मावशी आज बोलल्या माझ्यासंगं! स्वतःहून!"

कृष्णातचा जीव भांड्यात पडला. "काय म्हणाली?"

"पायरीवर बसून नवीन दावं वळाय लागल्यात. असलं झ्याक, मऊ, तेल लावून. मी म्हटलं, म्हस घेतली व्हय? तर नुसत्या हसल्या. म्हणल्या, जनावर घरचंच हाय."

"मग?"

"मग काय न्हाय. मला विचारत हुत्या, कृष्णात किती वाजता येतोय. आनि ते… तुमच्या शर्टाची कॉलर किती नंबरची म्हणून."

फोन कानाला तसाच. गेटबाहेर बस लागली होती, आणि सोबतचे लोक त्याला हाका मारत होते, चल की लेका, घरी जायचं न्हाय व्हय?