विलंबाचं कारण

दार उघडंच होतं, म्हणून तो आत आला. आणि त्या रिकाम्या घराच्या मधोमध, चपला काढून, जमिनीवर सांडलेल्या उन्हात पाय पसरून मी बसले होते.

"तुम्ही... इथे राहता?"

"अजून नाही. सध्या नुसती बसते."

तो हसला. बँकेनं पाठवलेला व्हॅल्युअर होता तो, उद्या यायचा तो आजच आला होता. कर्ज द्यायच्या आधी बँक माणूस पाठवून घराची किंमत ठरवून घेते, एवढं मला माहीत होतं. त्या माणसाच्या कानामागे पेन्सिल असेल, आणि चष्म्याची डावी काडी दोऱ्यानं बांधलेली असेल, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. तो दोरा पाहून माझे हात शिवशिवायला लागले.

"टेपचं टोक धराल जरा? मोजायचं मशीन ऐनवेळी रुसलंय."

मी टोक धरलं. तो मागे मागे सरकत गेला... टेप ताणली गेली की थांबायचा, आकडा वाचायचा, आणि मग उगाचच एकदा माझ्याकडे बघायचा. खोली झाली, स्वयंपाकघर झालं. मागच्या अंगणात गेलो तर भुरभुर पाऊस सुरू झालेला. थेंब टेपवरून घरंगळत त्याच्याकडे निघाले, आणि मी टोक काही सोडलं नाही.

"हेच घर का?" त्यानं विचारलं.

"आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही, आणि बाबांचे गुडघे गेलेत. रस्ता ते फक्त खिडकीतून बघतात. इथे दार उघडलं की समोर रस्ता!"

त्याची पेन्सिल थांबली. तो पुढच्या दाराशी गेला, वाकला आणि उंबऱ्याची उंची मोजू लागला.

"उंबऱ्याची उंचीही लागते बँकेला?"

"नाही," तो म्हणाला, आणि लिहून घेतली.

काही दिवसांनी पुन्हा आला. म्हणे मागची भिंत मोजायची राहिली. भिंत राहिली नव्हती... टोक मीच धरलं होतं की! पण मीही काही बोलले नाही. कारण त्या दिवशी माझ्या पर्समध्ये दुकानातला छोटा स्क्रू-ड्रायव्हर होता.

"आणा इकडे तो चष्मा."

त्यानं निमूटपणे काढून दिला. "चष्मा नसला की मला काही दिसत नाही."

"मग एवढं टक लावून काय बघताय?"

"अंदाज घेतोय."

मी स्क्रू बसवला. चष्मा त्याच्या नाकावर ठेवताना माझी बोटं त्याच्या कानाला लागली.

"किती झाले?" त्यानं हळूच विचारलं.

"किंमत ठरवणं तुमचं काम."

त्यानंतर दुकानात काचा पुसताना मी भलतीच स्वप्नं बघू लागले. त्यात घर असायचं, दारात बाबांची खुर्ची असायची, आणि टेपच्या दुसऱ्या टोकाला तो.

आणि मग... काहीच नाही. त्याचा फोन नाही, रिपोर्टचा पत्ता नाही. मी बँकेत विचारलं की तीच गोड बाई तेच गोड उत्तर द्यायची, "व्हॅल्युएशन यायचंय, मॅडम." का नाही आलं? ती ताकास तूर लागू देत नव्हती.

घर विकणाऱ्या बाई शाळेत मला गणित शिकवायच्या, म्हणूनच घराची किल्ली आधीच माझ्याकडे दिली होती त्यांनी. उत्तर बरोबर असलं तरी कारण दिल्याशिवाय गुण द्यायच्या नाहीत. त्यांचा फोन आला.

"रोख पैसे घेऊन दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. तुझ्यासाठी थांबलेय, पण शनिवारपर्यंतच. उशीर का होतोय?"

"माहीत नाही, बाई."

"हे कारण नव्हे," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

बाबांनी बाहेर जायचे बूट मला माळ्यावरून काढायला लावून पॉलिश करून ठेवले होते. "मला घाई नाही गं," ते म्हणाले, आणि बुटांवरची नसलेली धूळ पुन्हा पुसली. मला गलबलून आलं. गोड हसून त्या माणसानं केसानं गळा कापला होता माझा!

शनिवारी दुपारी मी तडक त्याच्या ऑफिसात गेले. टेबलावर नकाशांच्या गुंडाळ्या होत्या. मला बघून तो उभाच राहिला.

"रिपोर्ट कुठंय?"

"माझ्याकडे नाही. फाईल मी बँकेला परत केली... चष्मा दुरुस्त झाला ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"परत केली? का?"

"रिपोर्टच्या शेवटी लिहून द्यावं लागतं, की कर्जदाराशी माझा काही संबंध नाही. सही करायला बसलो, आणि... हात चालेना."

"पण नाहीच आपला काही संबंध!"

"तुमचा नसेल," तो खाली बघत म्हणाला.

पंखा गरगरत होता. मला त्याचा भयंकर राग आला होता, आणि त्याच वेळी त्याच्या अगदी जवळ जाऊन उभं राहावंसं वाटत होतं.

"मला सांगायचं तरी!"

"तुमचं घर अडकलेलं. त्यात मी असलं काही बोललो असतो, तर तुम्हाला मोकळेपणी नाही म्हणता आलं असतं? दुसरे व्हॅल्युअर रजेवर होते. त्यांच्या घरी चकरा मारून मारून त्यांना तयार केलंय. सोमवारी येतील."

"सोमवारी! मुदत आज संपतेय!"

तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. बाईच.

"आला रिपोर्ट?"

"नाही, बाई. सोमवारी दुसरे व्हॅल्युअर येणार आहेत."

"आणि पहिल्याला काय झालं? कारण?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं पेन्सिल कानामागून काढली होती आणि कुठे ठेवावी ते त्याला सुचत नव्हतं.

"बाई... कर्जदाराशी संबंध नाही, अशी सही करायची असते. ती त्यांना करता आली नाही. कारण... त्यांचं माझ्यावर प्रेम आहे."

पेन्सिल खाली पडली.

"अर्धे गुण," बाई म्हणाल्या.

"अर्धे?"

"एकच बाजू सांगितलीस. दुसरीचं काय?"

मी डोळे मिटले. टेपवरून घरंगळत जाणारे ते थेंब आठवले.

"माझंही आहे, बाई."

"हं. मग त्या रोखवाल्याला नाही म्हणून कळवते. खोटी सही न करणाऱ्या माणसापायी घर गेलं, असं माझ्या हातून व्हायला नको."

मी डोळे उघडले तेव्हा तो समोरच उभा होता, आणि त्याचा चष्मा धुरकटला होता. यावेळी मी तो न काढताच पुसला, माझ्या ओढणीनं.

सोमवारी दुसरे व्हॅल्युअर आले, चालू मशीन घेऊन. टोक धरायला त्यांना कुणी लागलं नाही. रिपोर्ट गेला, आणि कर्जही मंजूर झालं.

राहायला गेलो त्या दिवशी शेजाऱ्यांनी बाबांना खुर्चीत बसवून चार मजले खाली उतरवलं. नव्या दाराशी आलो, तर उंबऱ्याला लागून एक लाकडी उतार बसवलेला होता, उंबऱ्याशी अगदी समतल. बाबांनी काठी टेकली, पॉलिश केलेला बूट उचलला... आणि न अडखळता आत गेले.

मग वळून त्यांनी त्या उताराकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग फाटकाशी टेप हातात घेऊन ताटकळत उभ्या असलेल्या त्याच्याकडे.

"उंबरा मोजणारा हाच ना?" बाबा म्हणाले. "मग बाहेर का उभा केलायस त्याला? आत बोलाव."