देवतोरणाचा स्वर

आशिया खंडात तेव्हा निसर्गाच्या हातची अकराच शिल्पं उरली होती. साठ वर्षांपूर्वी यादीत एकशे चाळीस होती: समुद्रात पाय सोडून बसलेल्या कमानी, वाळवंटातले दगडी खांब, ढगांत डोकं खुपसलेले सुळके. मग उन्हाळ्याचा पारा बावन्नावर जाऊ लागला. दिवसा फुगायचं आणि रात्री आकसायचं, या रोजच्या ओढाताणीत खडक आतून तडकत गेले. एखादं शिल्प पडल्याची बातमी आली की माणसं हात जोडत आणि पंखा वाढवत. दुसरं करणार काय?

अकरावं होतं सह्याद्रीतल्या तोरणवाडीचं देवतोरण. काळ्या पाषाणाची कमान, खालून दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जातील एवढी. रामजन्माचं कीर्तन तिच्याखालीच व्हायचं, आणि त्याची एक रीत होती. पेटी वर्ज्य. सकाळचं ऊन चढलं की कमान बारीक गुणगुणते. बुवांनी दगडाला कान लावायचा आणि तोच स्वर तंबोऱ्यावर घ्यायचा. रामरायाला त्याच्याच दाराच्या सुरात हाक मारायची, एवढा साधा भाव.

नवमीच्या आदल्या सकाळी मोरेश्वरबुवा टेंबे असेच कान लावून उभे होते. मागून शिलानाद केंद्राच्या डॉक्टर नजमा तडवी आल्या.

"बुवा, कुठला स्वर लागला?"

"काळी एक. बाबा पांढरी दोनमध्ये गायचे, आजोबा काळी दोनमध्ये. आमच्या घराण्याचा गळा पिढीगणिक खाली चाललाय."

"बुवांना मुलगा असता तर तो विहिरीत बसून गायला असता," झांजवाले सोनूमामा म्हणाले.

नजमाबाई हसल्या नाहीत. "गळा नाही हो उतरला. दगड उतरलाय."

प्रत्येक खडकाला स्वतःचा एक स्वर असतो, त्यालाच शास्त्रज्ञ शिलानाद म्हणत. खडक अखंड असला की स्वर चढा. आत चिरा पडल्या, ताठरपणा गेला, की स्वर खाली येतो. तडकलेल्या मडक्यावर टिचकी मारून कुणालाही हे कळतं.

"आणि झोका आठवा," त्या म्हणाल्या. "नेमक्या वेळी बोटभर ढकललं तरी तो चढतच जातो. दगडाला त्याच्याच सुरात चारशे माणसांनी हाक मारली की तोही हलतो. दिसत नाही, पण चिरा वाढतात. उन्हानं भेग पाडली, बुवा. ती रुंद आपण केली."

"आपण म्हणजे आम्ही."

"सगळ्यांनी. कुठे नावाडी कमानीखालून गात जायचे, कुठे भिक्खू सुळक्यापुढे शिंगं फुंकायचे. ज्यांच्यापुढे कुणी ना कुणी गायलं, त्यांतलं एवढं एकच उभं आहे. उरलेल्या दहांच्या आसपास कधी वस्तीच नव्हती."

बुवांनी तंबोऱ्याची खुंटी चाचपली. "नाही गायलो तर?"

"आणखी नऊ वर्षं उभं राहील. उन्हापासून मी वाचवू शकत नाही. उद्याचा गजर झाला तर पुढची नवमी ते बघणार नाही."

"मग आजोबांच्या काळी दोनमध्ये गातो. देवाला काय, भाव कळतो."

दुसऱ्या दिवशी बुवा चढ्या सुरात उभे राहिले. पूर्वरंग छान रंगला, सोनूमामांच्या कोट्यांवर बायका पदर तोंडाला लावून हसल्या. ऊन कमानीवर आलं, तसा दगड गुणगुणू लागला. पाळण्याची वेळ झाली आणि नामाचा गजर सुरू झाला.

चौथ्या आवर्तनात समोरच्या माणसांचा सूर खाली घसरला. बुवांनी तंबोरा जोरात छेडला, हातवारे करून सूर वर उचलला. लोक क्षणभर वर आले, पुन्हा घसरले. कुणी मुद्दाम करत नव्हतं. जन्मापासून ज्याच्या सावलीत वाढले, त्याच्या स्वरात गळे आपोआप बसत होते. मग बुवांच्या ध्यानात आलं, आपणही काळी एकमध्येच गातोय. वरून चिमूटभर काळी भुकटी पाळण्यातल्या रामाच्या कपाळावर पडली. नजमाबाई स्वर मोजायच्या यंत्रापाशी उठून उभ्या राहिल्या.

बुवांनी गजर तोडला. घराण्याच्या सत्तर वर्षांच्या कीर्तनात असं झालं नव्हतं.

"मंडळी," ते म्हणाले, "आरती नको. प्रसाद घ्या आणि न बोलता घरी जा. यापुढे इथे कुणी गायचं नाही."

"आणि रामाला निजवायचं कसं?" एका म्हातारीनं विचारलं.

बुवांनी तंबोऱ्याच्या तारा उतरवल्या.

गावानं बुवांचा शब्द पाळला. सकाळी तोंडात ओल्या पंच्याचा बोळा धरून माणसं गुरं सोडायची. अंगाईवाचून मुलं रडून रडून झोपायची. पण दगड रोज गुणगुणायचा आणि न गायलेला स्वर गळ्यात माशाच्या काट्यासारखा अडकून राहायचा. दोन वर्षांत घरं रिकामी झाली. बुवा भाचीकडे शहरात गेले. नवमीला तिथल्या देवळात त्यांना उभं केलं तर म्हणे सूरच सापडेना. त्याच पावसाळ्यात ते वारले.

देवतोरणापाशी नजमाबाई एकट्याच राहिल्या, नोंदी घेत. सातव्या वर्षी आकडे बिघडले. कमानीचा स्वर हिशेबापेक्षा फार लवकर उतरत होता. ऊन तेवढंच होतं, वाराही तोच. त्यांनी महिनाभराचं ध्वनिमुद्रण काढून ऐकलं. रोज सकाळी ऊन चढताच दगडाच्या गुणगुणण्यात दुसरा एक आवाज मिसळत होता. बारीक, बाईमाणसाचा, सुरात अगदी चोख.

पाच कोसांत दुसरं माणूस नव्हतं. त्यांनी मुद्रण थांबवलं. बाहेर ऊन नुकतं कमानीवर आलं होतं. ओठ घट्ट मिटलेले असतानाही गळ्यात काहीतरी हलतंय, हे त्यांना बोट लावल्यावर कळलं.