बर्फ न धरणारी जागा

"इथेच का वितळलाय?" उर्जाने विचारलं.

मैदानभर बर्फ होता. फक्त जुन्या पंपघरापलीकडे चार पावलं रुंद असा एक गोल काळाभोर, ओला राहिला होता. आणि बरोबर त्या गोलात, स्मारकाचा दगड बसवायच्या जागी, लाकडी खुंटी ठोकलेली होती.

जर्मनीतल्या बोखुम शहराजवळच्या या वस्तीतली कोळशाची खाण बंद होऊन पन्नास वर्षं झाली होती. ती उभारणाऱ्या चार इंजिनिअरांची नावं कोरलेला नऊ टनांचा दगड घेऊन थोड्याच वेळात क्रेन येणार होती. तेरा वर्षांच्या उर्जाचे बाबा श्रीनाथ पुण्याहून नोकरीसाठी इथे आलेले. ते स्मारक समितीतही होते. नाताळच्या सुट्टीसाठी तिची मावसबहीण मैत्रेयी बॉनहून आली होती.

उर्जाचा धाकटा भाऊ गौरांग गुडघ्यांवर बसला. त्याने कागदी रुमाल गोलावर धरला. रुमाल फडफडत वर उचलला गेला.

"वार्म, गरम आहे," तो म्हणाला.

"खालून हवा येतेय," मैत्रेयी म्हणाली. "काल खाणीच्या प्रदर्शनात त्या इंजिनिअरांचाच नकाशा होता, आठवतं? खाणीत हवा खेळवायला एक खोल विहीर खणली होती." तिने मोबाइलमधला फोटो मोठा केला. "पंपघराच्या कोपऱ्यापासून पूर्वेला एकवीस मीटर."

त्यांनी टेप आणून मोजलं. खुंटी एकविसाव्या मीटरवरच होती. "खाली विहीर असेल तर दगडाच्या वजनाने जमीन खचेल," उर्जाने समितीच्या लोकांना सांगितलं.

समितीचे प्रमुख डॉर्नकांप हसले. "हे बघा मुलांनो, खालून गरम पाण्याचा पाइप जात असेल. आमच्या आराखड्यात विहीर नाही."

"बाबा, तुम्ही तरी बघा ना," उर्जा म्हणाली.

"उर्जा, आत्ता नको. त्यांना काम करू दे."

उर्जाचा चेहरा उतरला. तेवढ्यात क्रेन फाटकातून आत आली. गोलाजवळ बाबांसह सहा माणसं उभी होती. मोठ्यांशी वाद घालत बसायला आता वेळ नव्हता. ती सरळ क्रेनचालकाकडे गेली.

"ही जमीन क्रेनचं वजन पेलते, असा तपासणीचा कागद तुम्ही बघितलात का?"

चालकाने खिडकीतून मान बाहेर काढली. "समितीने तपासणी झाल्याचं सांगितलंय. पण कागद बघायला हवा."

डॉर्नकांपनी फाइल उघडली. कागद होता, पण शेजारच्या पार्किंगच्या जमिनीचा. चालकाने इंजिन बंद केलं.

"इथला कागद मिळेपर्यंत मी क्रेन हलवणार नाही."

बाबा पुढे आले, हातमोजा काढून त्यांनी तळवा गोलावर धरला आणि लगेच सगळ्यांना मागे सरकवलं. खाण विभागाला फोन त्यांनीच केला.

दुपारी तपासणीला माणसं आली. दीड मीटरवर कुजलेल्या फळ्या लागल्या. त्याखाली ड्रिल पोकळीत मोकळंच गेलं.

आठवड्याने दगड रस्त्याच्या कडेला, तपासलेल्या जमिनीवर बसला. जमलेल्या लोकांसमोर डॉर्नकांप म्हणाले, "ज्यांची नावं आम्ही कोरली, त्यांचा नकाशा आमच्यातल्या एकानेही वाचला नव्हता. या तिघांनी वाचला. मी त्यांचा आभारी आहे, आणि मला माफीही मागायची आहे."

टाळ्या थांबल्यावर बाबा उर्जाजवळ आले.

"मी तुझं ऐकायला हवं होतं," ते म्हणाले. "चल, तो नकाशा मलाही दाखव."