फुगा धरला

लातूरच्या एका खासगी दवाखान्यात मी बारा वर्षं ओटी टेक्निशियन होतो. ऑपरेशनच्या खोलीत हत्यारं मांडायची, यंत्रं लावायची, डॉक्टरांनी हात पुढं केला की हवी ती वस्तू हातात ठेवायची, हे माझं काम. ते मी का सोडलं, असं तुम्ही आल्यापासून दोनदा विचारलंत. सांगतो. फक्त आवाज जरा हळू ठेवू. आत लुंबिनी, माझी बायको, पडली आहे.

दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोट उघडत नाहीत. त्यामुळं आत रक्त सुटलं तर हातानं दाबायला जागाच नसते. तिथं एक बारीक नळी कामाला येते. तिच्या टोकाला फुगा असतो. नळी आत सारायची, फुग्यात सलाईन भरायचं, मग तो फुगून रक्ताच्या जागेवर दाबून बसतो. पण आधी तो तपासावा लागतो. हवा भरायची, पाण्याच्या वाडग्यात बुडवायचा, वीस आकडे मोजायचे. बुडबुडा आला नाही की मोठ्यानं म्हणायचं, "धरला." तो शब्द ऐकल्याशिवाय आमच्या सर्जन मॅडम नळी हातात घेत नसत. पाकिटावर 'एकदाच वापरा' असं छापलेलं असायचं. आम्ही धुऊन, निर्जंतुक करून चार-चारदा वापरायचो. म्हणून तर तो वाडगा.

सिद्धम्मा ही देवणीची, घरी कानडी बोलणारी पेशंट. तिच्या गर्भाशयातली गाठ दुर्बिणीनं काढायची होती. त्या दिवसाचं ते पाचवं ऑपरेशन, वेळ दुपारी तीनची. कमरेखाली बधिर केलेली, पण बाई पूर्ण जागी, मान माझ्याकडं वळवलेली. रक्त सुटलं. मॅडमनी फुगा मागितला. वाडगा रिकामा होता. पाणी आणायला चार पावलं जायचं होतं, आणि मला कंटाळा आला. कारण एवढंच आहे, दुसरं शोधू नका. मी म्हणालो, "धरला."

बाई हलकेच म्हणाली, "पान्यात घातला न्हाई की हो तुमी."

मी मास्कमधून कुजबुजलो की घातला, मावशी, तुम्हाला दिसलं नाही.

"आमचं पंचरचं दुकान हाय," ती म्हणाली. "पान्यात घातल्याबिगर आमी ट्यूब धरली म्हनत न्हाई."

मी तोंड फिरवलं. नळी जागेवर दिसत होती, पण आत फुगा झिरपत होता. ते कळेपर्यंत फार उशीर झाला. पोट उघडण्यासाठी पूर्ण भूल द्यायची ठरली, तेव्हा तिनं माझं मनगट पकडलं. तिच्या ओठांत रंग उरला नव्हता, पकड मात्र घट्ट होती.

"तू धरला म्हनलास," ती म्हणाली. "आता मी धरते."

आमच्याकडं कुणाला भुताची बाधा झाली की त्याला 'धरलं' म्हणतात. दिवेलागणीच्या आत ती गेली. मॅडमनी मला विचारलं, आनंदराज, तपासला होतास ना? मी हो म्हणालो. तिचा नवरा महादेवप्पा माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला, तुम्ही लई केलं म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तोंड उघडलं नाही.

सहा महिन्यांनी लुंबिनीला त्रास सुरू झाला. तीच गाठ. मॅडम म्हणाल्या, इथंच करू, घरचं काम आहे. मी ऐकलं नाही. तिला थेट नांदेडला नेलं, जिथं सिद्धम्माचा पाय कधी लागला नव्हता अशा दवाखान्यात. तिथला टेक्निशियन धम्मानंद माझ्याबरोबर शिकलेला. त्यानं मला आत उभं राहू दिलं. नवी, सीलबंद पाकिटं मी स्वतः पारखून घेतली. वाडगाही मीच भरून ठेवला.

सकाळचे साडेअकरा वाजले होते. लुंबिनीलाही कमरेखालीच बधिर केलं होतं. रक्त सुटलं. धम्मानंदनं पाकीट फाडलं, हवा भरली, फुगा बुडवला. बुडबुडा आला. दुसरं फाडलं. बुडबुडा. तिसऱ्याला तर बुडवायच्या आधीच सुस्कारा सुटला. खोलीत औषधांचा वास कमी झाला आणि पंक्चरच्या सोल्युशनचा वास आला... टायरच्या दुकानात येतो तसा.

"धरला का?" डॉक्टरांनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

उत्तर टेबलावरून आलं. लुंबिनीच्या तोंडून, पण तिच्या आवाजात नाही.

"धरला."

आणि रक्त थांबलं. डॉक्टर बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले. आत नळी गेलीच नव्हती. तिन्ही फुगे वाडग्यात पडले होते.

संध्याकाळी वॉर्डात मी तिच्या उशाशी बसलो होतो. तिनं डोळे न उघडता विचारलं, "बिडलेनू...?"

लुंबिनी इस्लापूरकडची. तिला कानडीचं अक्षर येत नाही. मलाही अर्थ कळला नाही, पण तो शब्द कुणाचा हे कळलं.

तिला घरी आणलं आणि दुसऱ्याच दिवशी मी देवणी गाठली. महादेवप्पा दुकानात एकटाच होता. मी सगळं सांगितलं. रिकामा वाडगा, माझा कंटाळा, तिच्या तोंडावर बोललेलं खोटं. त्यानं हातातलं काम थांबवलं नाही. शेवटी मी त्या शब्दाचा अर्थ विचारला, तेव्हा कुठं त्यानं माझ्याकडं बघितलं.

"सोडू का, आसं इचारायली ती."

मी त्याचे पाय धरले. म्हणालो, तिला सांगा, सोडू नको. सोडलं तर माझी बायको रक्त जाऊन मरेल. तुमचं ऐकेल ती.

"मी सोड म्हननार न्हाई," तो म्हणाला. "आन् धर आसंबी म्हननार न्हाई. तुला इचारलंय तिनं."

मॅडमकडं मी सगळं लिहून दिलं. नोकरी सोडली. म्हटलं, आता तरी सिद्धम्माचं समाधान होईल. कशाचं काय! वर्ष झालं, लुंबिनीला ना पाळी आली, ना कुठं खरचटल्यावर रक्त आलं. तपासणीला सुई टोचतात आणि सिरिंज कोरडीच बाहेर येते. डॉक्टर पुन्हा टोचतात, मग माझ्याकडं बघतात. ती रोज तोच शब्द विचारते. मी रोज म्हणतो, धर, माय, धर. दुसरं काय म्हणू? मला लुंबिनीवाचून कुणी नाही.

आज दुपारी भेंडी चिरताना तिचं मनगट कापलं. चांगलं खोल. नेहमीसारखाच एक थेंब नाही. मी जवळ जाऊन बघितलं. जखमेच्या कडेला कातडीखालून चार उंचवटे आले होते, बोटांच्या टोकांएवढे, आतून कुणी दाबून धरल्यासारखे. मी म्हणालो, धर. तिनं या वेळी काही विचारलंच नाही. पहिला उंचवटा हळूच खाली बसला आणि तिथून रक्ताची बारीक धार लागली. मी फडकं करकचून बांधलं.

तुम्ही दार वाजवलंत, तेव्हा तीन उरले होते.