चिखलीचे एकशे एकाहत्तर हरभरे

साहेब, गुन्हेगार तुम्ही आहात. नाव घेत नाही. ज्याची टोपी त्यानं चाचपून बघावी. आमच्याकडं सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं, चार माणसांत, मालकासमोर. तुम्ही मात्र स्वतःचा पगार स्वतःच मांडता आणि स्वतःच हात वर करून मंजूर करता. त्यात फास बसायची वेळ आली ती चिखलीच्या भैरू गुरवाला.

अठ्ठावन्न साल होतं. आमदारांचा पगार वाढणार अशी कुजबूज होती. साहेब चिखलीत आले, गळ्यात हार घालून घेतला आणि म्हणाले, "गावानं नको म्हटलं तर मी वाढीच्या विरोधात हात वर करीन!"

साहेब बोलून गेले. गावानं ते खरं धरलं.

मंगळवारी सकाळीच सगुणाबाई गुरवीण चिंचवड स्टेशनजवळच्या एका खोलीत येऊन बसली. खोली ज्योतीरामची. ज्योतीराम खाजगी तपास करायचा. शेजारी त्याचा जोडीदार दौलतराव. जुना पैलवान, छाती दोन माणसांची, डोकं अर्ध्याचं.

"भाऊ, आमच्या धन्याला वाचवा. आज दिवेलागणीला गावकी बसणार. भैरोबाची पूजा काढून घेत्यात. सात पिढ्यांची हाय."

"काय केलं त्यांनी?"

"कायबी न्हाई!"

"मग सोपं आहे," दौलतराव म्हणाला.

ज्योतीरामनं त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. सगुणाबाईनं सगळं सांगितलं. रविवारी, भैरोबाच्या वारी, गावानं मत घेतलं. चिठ्ठी वाचणार कोण, म्हणून घरटी एक हरभरा. गाभाऱ्यात पडद्याआड दोन मडकी. चुना फासलेलं पांढरं म्हणजे पगार वाढवा. काजळी तेलात कालवून आतबाहेर फासलेलं काळं म्हणजे वाढवू नका. रात्री मडकी देवळाच्या कोठीत, किल्ली भैरूच्या कमरेला. सोमवारी मोजलं तर काळ्यात तेवीस आणि पांढऱ्यात एकशे एकाहत्तर.

"आन् पारावर तर झाडून सगळे 'नको नको' वरडत व्हते. मग म्हणत्यात, भैरूनं रातीत मडकी फिरवली. पैका खाल्ला म्हणत्यात."

"तुमच्या घरचा हरभरा कुणी टाकला?"

सगुणाबाईनं पदर सारखा केला. "बायकांचं काय इचारता, भाऊ. तुमी धन्याचं बघा."

दुपारी दोघं सायकली हाणत चिखलीत पोचले. देवळात हरभरे दोन वेगळ्या परातींत ठेवले होते. ज्योतीराम पांढऱ्या मडक्यातले एकेक करून उजेडात धरू लागला. कुठला टपोरा, कुठला बारीक. काहींना राख चिकटलेली, काही एरंडेलानं तुकतुकीत, काही किडके. तीसेक दाण्यांवर कुंकवाची लाली. काळ्या मडक्यातले तेवीस मात्र काजळीनं बरबटलेले. लाली एकावरही नाही.

कुडुम् असा आवाज झाला.

"दौलतराव! काय खाताय?"

"एकच घेतला. चांगला आहे हो."

"अहो, कुणाचं तरी मत आहे ते! थुंका!"

पहिल्यांदा गाठलं कोंडाजीला. कोंडाजी किराणावाला, साहेबांचा गावातला माणूस. सोमवारपासून त्याच्या मिशा वर होत्या.

"निकालानं खूश दिसता."

"का नसावं? गाव शहाणं झालं."

"भैरूला चहा पाजलात म्हणे शनिवारी."

"चहा मी कुत्र्यालाबी पाजतो. तुमी घेणार?"

ज्योतीरामनं त्याच्या हरभऱ्याच्या पोत्यात हात घातला. दाणा न् दाणा सारखा, निवडलेला, कोरडा, स्वच्छ. दौलतराव कानाशी लागला, "हाच! तोंडावर लिहिलंय."

"तोंडावर लिहिलेलं वाचून झालं असेल तर चला."

दुसरे उद्धवराव मास्तर. पगारवाढीच्या विरोधात सगळ्यांत मोठा आवाज यांचा. मोजणीही यांनीच केली होती. रागानं लाल झाले होते.

"लोकशाहीचा खून झालाय, ज्योतीराम! खून!"

"गावात घरं किती?"

"एकशे चौऱ्याण्णव."

"आणि दाणे?"

"तेवढेच. एक जास्त नाही, एक कमी नाही. म्हणजे इकडचे तिकडे केले, उघड आहे!"

"तुमचा दाणा तुम्हीच टाकलात?"

"छे! रविवारी सांगवीला कुस्त्या होत्या. सारा गाव पहाटेच निघाला. वीसेक जण तेवढे आधी देवळात जाऊन आले. बायका नैवेद्य घेऊन जातातच. आमच्या मंडळींना, रतनबाईंना, सांगून ठेवलं होतं, काळ्यात टाका म्हणून."

"टाकला त्यांनी?"

मास्तर हसले. "सांगितलं होतं म्हणतोय ना."

भैरू कोठीच्या दारात डोकं धरून बसला होता. "मी कोठी उघडलीच न्हाई, भाऊ. आयुष्यात पहिल्यांदाच गावानं मला कशाची तरी राखण दिली व्हती."

दिवेलागणीला गावकी बसली. ज्योतीरामनं एकच अट घातली: बायकाही हव्यात. पुरुष कुरकुरले. बायका मात्र आधीच येऊन खांबाआड उभ्या होत्या.

"भैरूनं मडकी फिरवली असं तुम्ही म्हणता," ज्योतीराम म्हणाला. "काळ्या मडक्यात पडलेला दाणा काजळी घेऊनच बाहेर येतो. हे तेवीस बघा. आता पांढऱ्यातले बघा. काजळीचा ठिपका तरी आहे? यातला एकही दाणा काळ्यात कधी गेलेलाच नाही."

परात हातोहात फिरली.

"मग कुनी तरी नवे आणून टाकले!" कुणीतरी ओरडलं. सगळे कोंडाजीकडं वळले.

"कोंडाजीचं पोतं मी पाहिलं. सगळे दाणे एकसारखे. आणि यात? राखेत साठवलेले आहेत, एरंडेल चोळलेले आहेत, किडके आहेत. एवढ्या तऱ्हेचे हरभरे एका पोत्यात नसतात. ते गावभरच्या कणग्यांत असतात."

"मग केलं कुणी?" दौलतराव कळवळून म्हणाला.

"कुणीच नाही. हे खरं मत आहे."

सगळे पुन्हा परातीवर वाकले.

"पांढऱ्यातल्या तीसेक दाण्यांवर कुंकू आहे. भैरोबाशेजारच्या जोगेश्वरीदेवीला हळद-कुंकू वाहून त्याच बोटांनी टाकलेले. तेवीस पुरुष स्वतः येऊन गेले, त्यांचे दाणे काळ्यात. बाकी सगळे पुरुष सांगवीला कुस्त्या बघत होते. मग पांढऱ्यात टाकले कुणी, ते मी कशाला सांगू?"

खांबाआडून सगुणाबाई पुढं आली. "मी टाकला. पन माझा एकच हाय, द्येवाशपथ! बाकीचं मला ठावं न्हाई."

"अगं बया!" रतनबाईंनी तोंडावर हात मारला. "मला वाटलं मीच एकटी!"

"मीबी!"

"मलाबी तसंच वाटलं! म्हणून तर गप ऱ्हायले!"

आणि मग एकशे एकाहत्तर तोंडं एकदमच फुटली. कुणी पदर तोंडात कोंबून हसतंय, कुणी शेजारणीच्या पाठीत धपाटे घालतंय. दौलतराव सगळ्यांत मोठ्यानं हसला, मग ज्योतीरामला हळूच विचारलं, "म्हणजे भैरू सुटला ना?"

"सुटला."

भैरू बायकोकडं वळला. "सगुणा, तूबी? मी तर काळ्यात म्हणालो व्हतो."

"म्हणूनच बोलले न्हाई."

उद्धवराव मास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "पण का? त्या लबाडांना पगार वाढवून द्यायचा?"

"लबाडांना न्हाई," रतनबाई म्हणाल्या. "पगार न्हाई दिला तर तिथं जाणार कोन? ज्याच्या चार विहिरी हायेत त्योच. उद्या ह्या भैरूभावजींना धाडायचं म्हटलं, तर सगुणाची चूल कशावर पेटंल? तुमी पारावर वरडता, ते बरं वाटतं ऐकाया. पन उपाशी राखणदार पिकातच हात घालतो, ह्ये शेतावर राबणाऱ्या बाईला इचारा."

मास्तरांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग म्हणाले, "हे पारावर कधी का बोलला नाहीत?"

"पारावर आमाला बसू कवा दिलं?"

म्हातारे पाटील उठले. त्यांनी काढून घेतलेली कोठीची किल्ली परत भैरूच्या हातात दिली, आणि गावातर्फे हात जोडले. कोंडाजीनं खुशीत गुळाची ढेप फोडली. रतनबाईंनी त्याचा गूळ घेतला आणि म्हणाल्या, "लई हसू नका, कोंडाजी. आमचं अजून संपलं न्हाई. मास्तर, कागद घ्या."

मास्तरांनी निमूट कागद घेतला. बायकांनी सांगितलं, त्यांनी लिहिलं, शब्द न बदलता:

"साहेब, पगार घ्या. चिखलीची ना न्हाई. आमची पोरं पिंपरीच्या कारखान्यात जात्यात. एक दिवस दांडी मारली की पगार कापला जातो. तर येवढं कळवा. गेल्या वर्षात तुमी इधानसभेत किती दिवस बसलात, आन् चिखलीचं नाव तोंडातून किती येळा काढलंत? पत्र पोचल्यापासून आठ दिवसांत उत्तर पायजे. आकड्यात."